जनुकांची यादी नंतर, आधी नळी आणि स्कॅन

पत्र : आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतो. बाबा ६१ वर्षांचे. तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तंबाखू-चुना रोजचा, आधी विडीही होती, आठवड्यातून दोनतीनदा दारू. अडीच महिन्यांपूर्वी जोंधळ्याची भाकरी अडकायला लागली, मग भात, आता फक्त पेज आणि दूध जाते. वजन ६० वरून ५२ किलोवर आले. दुर्बिणीच्या तपासणीत दातांपासून ३० ते ३४ सेंमीवर गाठ दिसली आणि तुकड्याच्या रिपोर्टात 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' आले. एका लॅबचा माणूस पस्तीस हजारांत जनुक तपासणी करून देतो म्हणतोय. कॅन्सर कशामुळे वाढतो ते कळले की नेमके औषध मिळते, असे त्याचे म्हणणे. भावाने नेटवर टीपी५३, सीसीएनडी१, ईजीएफआर, नॉच१ अशी नावे वाचली आणि तो घाबरलाय. ही तपासणी आधी करावी का? पाहुणे म्हणतात तुकडा काढल्यानेच तो पसरतो, ते खरे का? आणि हा आजार आम्हा भावंडांनाही होईल का?

उत्तर :

ताई, पस्तीस हजार आज त्या तपासणीत घालू नका. जनुकांची माहिती खोटी आहे असे अजिबात नाही. बाबांचा पुढच्या दोन महिन्यांचा उपचार त्या यादीने बदलणार नाही, एवढेच. तो तीन गोष्टींवर ठरेल : गाठ किती खोल आणि कुठवर गेली आहे, बाबांचे वजन आणि फुप्फुसे किती साथ देतात, आणि गाठ कोणत्या जातीची आहे. तिसऱ्याचे उत्तर तुमच्या हातातल्या रिपोर्टात आलेच आहे.

ही जात आधी नीट लक्षात घ्या, कारण नेटवरचा निम्मा गोंधळ तिथेच होतो. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या मुख्य जाती दोन, स्क्वॅमस आणि अॅडिनोकार्सिनोमा. युरोप-अमेरिकेत दुसरी जास्त आढळते. ती बहुधा खालच्या टोकाला होते आणि तिच्यामागे वर्षानुवर्षांची आम्लपित्ताची उलटी धार आणि लठ्ठपणा असतो. आपल्याकडे पहिली जास्त. तंबाखू, दारू, सुपारी ही तिची कारणे. २०१७ साली जगभरच्या १६४ गाठींचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात स्क्वॅमस गाठी तोंड-घशाच्या कर्करोगाच्या जवळच्या निघाल्या, तर अॅडिनो गाठी जठराच्या कर्करोगाच्या एका प्रकाराशी जुळल्या. अवयव एक, आजार दोन. म्हणून भावाला सांगा, 'बॅरेट', 'हर-२' असले शब्द ज्या लेखात आहेत तो बाबांच्या आजाराबद्दलचा नाही, तो बाजूला ठेव.

आता ती नावे. पेशीला दुभंगायची परवानगी देण्याआधी तिच्यातल्या डीएनएची तपासणी होते, आणि ती पी५३ नावाचे प्रथिन करते. डीएनए बिघडलेला दिसला की ते पेशीला थांबवते, दुरुस्ती होत नसेल तर मारून टाकते. स्क्वॅमस गाठींत दहांपैकी आठ-नऊ जणांत टीपी५३ हे जनुक बिघडलेले असते, म्हणजे तपासनाकाच बंद पडतो. सीसीएनडी१ या जनुकाच्या प्रती निम्म्याच्या आसपास गाठींत वाढलेल्या असतात. त्यातून बनणारे सायक्लिन डी१ पेशीला 'दुभंग, दुभंग' म्हणून ढकलत राहते. त्याला अडवणारे पी१६ हे प्रथिन सीडीकेएन२ए या जनुकातून येते, आणि बहुतेक गाठींत तेच हरवलेले असते. ब्रेक गेला आणि अॅक्सिलरेटर दाबलेला राहिला की वाढीला वेगळे कारण लागत नाही. याशिवाय सॉक्स२ आणि टीपी६३ ही अन्ननलिकेच्या अस्तराची ओळख टिकवणारी जनुकेही अनेक गाठींत जास्तीच्या प्रतींत सापडतात.

नॉच१ची गंमत वेगळीच आहे. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या निरोगी माणसाच्या अन्ननलिकेतही या जनुकाचे बिघाड असलेल्या पेशींचे पट्टे मोठ्या प्रमाणावर असतात, आणि ते कर्करोगाच्या गाठीपेक्षा निरोगी अस्तरातच जास्त आढळतात. २०१८-१९ मध्ये हे पुढे आले तेव्हा अभ्यासकांनाही आश्चर्य वाटले होते. म्हणून रिपोर्टात नॉच१ दिसले म्हणजे काही भयंकर सापडले असे समजू नये.

हे बिघाड होतात कसे? तंबाखूतले नायट्रोसामाइन थुंकीबरोबर गिळले जातात आणि अस्तराच्या पेशींत जाऊन डीएनएला चिकटतात. दारूचे शरीरात अॅसिटाल्डिहाइड होते, तेही डीएनएला घातक. दोन्ही एकत्र असली की धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त वाढतो. कढत चहा, साधारण ६५ अंशांच्या वरचा, २०१६ पासून 'बहुधा कर्करोगकारक' या यादीत आहे. एवढे सगळे असूनही आठ देशांतल्या ५५२ गाठींच्या डीएनएवर कारणांचे ठसे शोधले, तेव्हा आजार जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या देशांतले ठसे बरेचसे सारखेच निघाले. सर्वांत ठळक ठसा होता तो विषाणूंशी लढणाऱ्या आपल्याच अॅपोबेक नावाच्या एन्झाइमांनी डीएनएवर चुकून मारलेल्या ओरखड्यांचा. म्हणजे कारण माहीत असले तरी प्रत्येक बिघाड एखाद्या पुडीच्या नावावर टाकता येत नाही. बाबांना त्यावरून बोलू नका. त्यांना ते आधीच लागलेले असते.

पसरण्याचे मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचा स्कॅन त्याच्यासाठी आहे. अन्ननलिका साधारण २५ सेंमी लांब, दातांपासून १५ ते ४० सेंमीपर्यंत. बाबांची गाठ छातीत, मध्याच्या थोडी खाली. आतड्यावर असते तसे बाहेरचे गुळगुळीत आवरण या नळीला नाही, त्यामुळे भिंत ओलांडली की गाठ थेट श्वासनलिका, महाधमनी किंवा हृदयावरणाला भिडू शकते. शिवाय लसिकावाहिन्यांचे (लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचे) जाळे अगदी अस्तराखालीच सुरू होते आणि नळीच्या लांबीने वरखाली धावते. म्हणून छातीतल्या गाठीची बी कधी मानेच्या किंवा पोटातल्या लसिकाग्रंथींत पडलेली दिसते, आणि मधल्या ग्रंथी कोऱ्या असतात. नुसता छातीचा सीटी काढून चालत नाही तो यासाठी. मान, छाती, पोट तिन्ही हवेत.

पेशींच्या पातळीवर असे होते. अस्तराच्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. गाठीभोवतालच्या तंतुपेशींकडून टीजीएफ-बीटा हा संदेश येतो, स्नेल, ट्विस्ट, झेब१ हे नियंत्रक जागे होतात, ई-कॅडहेरिन कमी होते आणि पेशी सुटी होऊन सरकायला लागते. एमएमपी नावाची एन्झाइमे समोरचा पाया कुरतडून वाट करतात. गाठीच्या गाभ्यात प्राणवायू कमी पडला की एचआयएफ-१ जागे होते, व्हीईजीएफ बनते आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्याचाच भाऊबंद व्हीईजीएफ-सी लसिकावाहिन्या वाढवतो. आणि पीडी-एल१ हे प्रथिन अंगावर चढवून पेशी प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्याला 'मी घरचाच' असे भासवते. औषधाच्या दृष्टीने या सगळ्यात आज सर्वांत कामाचे नाव हे शेवटचे आहे.

यातले काहीही दुर्बिणीच्या चिमट्याने सुरू होत नाही. तुकडा अस्तराच्या आतल्या बाजूने, दोनतीन मिलिमीटरचा घेतात. पाहुण्यांना जे दिसते ते असे : गिळायला अडकायला लागेपर्यंत नळीचे तोंड बरेच अरुंद झालेले असते, म्हणजे गाठ त्याआधीच पुष्कळ वाढलेली असते. तुकडा त्या वेळी निघतो आणि आळ त्याच्यावर येतो.

मग औषधाचे काय? ईजीएफआर हे वाढीचे संदेश घेणारे प्रथिन स्क्वॅमस गाठींत पुष्कळदा वाढलेले असते, म्हणून त्याला अडवले की काम झाले असे वाटले होते. झाले नाही. केमो आणि शेकाबरोबर (म्हणजे रेडिएशनबरोबर) ईजीएफआर अडवणारे सेटक्सिमॅब दिलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत (२०१३) ते दिलेल्या रुग्णांचे हाल जास्त झाले आणि आयुष्यही वाढले नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१४ मध्ये गेफिटिनिब या तशाच औषधानेही एकूण रुग्णांचे आयुष्य वाढवले नाही. जनुकाच्या प्रती खूप वाढलेल्या थोड्यांत तेवढा फायदा दिसला. तुमच्या भागात हे समजायला सोपे आहे : तंबाखूचा शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात. ईजीएफआर बंद केले की पीआयके३सीएसारख्या बाजूच्या वाटेने संदेश चालूच राहतो. टीपी५३चे दुखणे आणखी अवघड. औषध जास्त झालेल्या प्रथिनाला अडवू शकते, हरवलेले परत आणून बसवणे सोपे नाही. सायक्लिन डी१च्या वाटेवर काम करणाऱ्या गोळ्या स्तनाच्या कर्करोगात वापरतात. अन्ननलिकेत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. लॅबच्या माणसाला एकच विचारा : "या यादीतले काय निघाले तर डॉक्टर पुढच्या महिन्यात वेगळे काय देतील?"

दोनच तपासण्या पुढे कामाच्या ठरू शकतात. आजार पसरलेला असेल तर त्याच तुकड्यावर पीडी-एल१ करतात. ते जास्त असेल तर केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा फायदा जास्त मिळतो. दुसरी एमएमआर किंवा एमएसआय, डीएनए दुरुस्तीतला बिघाड शोधणारी, या जातीत क्वचितच होकारार्थी येणारी. दोन्ही नंतर करता येतात, फक्त तुकडा हाताशी हवा. म्हणून आज तपासणीच्या पैशांऐवजी एक अर्ज करा : ज्या पॅथॉलॉजीत तुकडा तपासला तिथून मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक आणि काचा म्हणजे स्लाइड्स लेखी पावतीवर घ्या. दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा दुर्बीण टळते. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळते.

आता खरी घाई आहे ती अन्नाची. ६० वरून ५२ म्हणजे तेरा टक्के वजन गेले. दहा टक्क्यांपुढे केमो आणि शेक सोसत नाहीत, ऑपरेशननंतर जखम भरत नाही, फुप्फुसात कफ साचतो. ५२ किलोच्या माणसाला दिवसाला १३०० ते १५५० कॅलरी आणि ६० ते ७८ ग्रॅम प्रथिने लागतात. नुसत्या पेजेत त्याच्या निम्मेही मिळत नाही. एक हिशेब देतो : गायीचे दूध १ लिटर, उकडलेली अंडी ३, स्किम दूध पावडर ५० ग्रॅम, नाचणीचे सत्त्व ६० ग्रॅम शिजवून, तेल २० मिली, साखर ४० ग्रॅम. सगळे मिक्सरमधून काढून गाळले की साधारण १५५० कॅलरी आणि ७० ग्रॅमच्या वर प्रथिने होतात. मधुमेह असेल तर साखर वगळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नका. कच्चे अंडे नको.

हेही घशाखाली उतरेना झाले की नाकातून नळी. लोक नळीला घाबरतात, शेवट आला असे समजतात. इथे ती उपचाराचा पहिला टप्पा आहे. एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी, कोमट. देताना आणि नंतर पाऊण-एक तास पाठ टेकवून बसलेले, आडवे नाही. आधी आणि नंतर ३० मिली पाणी, नाहीतर नळी चोंदते. गोळ्या बारीक पूड करून पाण्यात. कोणत्या गोळ्या फोडायच्या नाहीत ते विचारून घ्या. नाकाजवळ नळीवर पेनाने खूण करा. खूण सरकलेली दिसली की काही देऊ नका, आधी दवाखान्यात दाखवा. गेले पाच-सहा दिवस पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा नको. उपाशी शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरते आणि हृदय बिघडते. अशा वेळी निम्म्यावर सुरू करून तीन-चार दिवसांत वाढवतात, रक्त तपासत, ब१ जीवनसत्त्व देऊन.

दोन गोष्टी सर्जनला विचारल्याशिवाय करू देऊ नका. एक, जाळीची नळी म्हणजे स्टेंट. बरे होण्याच्या दृष्टीने उपचार शक्य आहेत तोवर तिची घाई नको, ती पुढच्या ऑपरेशनला अडचण करते. दुसरी, पोटाला भोक पाडून जठरात घातलेली नळी. अन्ननलिका काढल्यावर त्याच जठराची नळी करून वर छातीत किंवा मानेत ओढतात, ते जठर शाबूत हवे. नळी पोटातूनच घालायची झाली तर लहान आतड्यात घालतात.

स्कॅनमध्ये दूर काही नसेल तर साधारण वाट अशी : केमो आणि शेक एकत्र, मग सहा-आठ आठवड्यांनी ऑपरेशन. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत ३६६ रुग्ण होते. आठवड्याला एकदा कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल, असे पाच वेळा, आणि २३ वेळा मिळून ४१.४ ग्रे (किरणांचे माप) शेक. नुसत्या ऑपरेशनने मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले ती मुदत) २४ महिने होते, ते या वाटेने ४९ महिने झाले, आणि स्क्वॅमस जातीत जवळपास निम्म्यांच्या काढलेल्या भागात एकही जिवंत कर्कपेशी सापडली नाही. ऑपरेशन झेपणार नसेल तर शेक ५० ग्रेच्या आसपास नेऊन केमोसह तेवढ्यावर थांबतात. केमो-शेकानंतर ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात आजार शिल्लक दिसला तर वर्षभर निव्होलुमॅब देण्याचा पर्याय २०२१ पासून आहे. खर्च मोठा असतो, तो आधीच विचारून ठेवा.

शेक चालू असताना हळदीच्या कॅप्सूल, 'अँटिऑक्सिडंट' पावडरी, कोणाकडचा काढा, सगळे बंद. शेक पेशीत मुक्त कण तयार करून मारतो. काही गाठींत एनएफई२एल२ हे जनुक बिघडून पेशी त्या कणांपासून स्वतःलाच वाचवू लागते आणि शेकाला दाद देत नाही. बाहेरून तीच मदत कशाला पोचवायची? फोडणीतली हळद चालेल. तंबाखू त्याच दिवसापासून बंद.

कुठे जायचे : निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. बेळगावात केएलईच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले. हुबळीत नवनगरला कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, मिरजेत सिद्धिविनायक गणपती, कोल्हापुरात कोल्हापूर कॅन्सर सेंटर. निवडताना दोन प्रश्न विचारा : इथे वर्षाला अन्ननलिकेची किती ऑपरेशने होतात, आणि शेक व ऑपरेशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का? तेवीस दिवस रोजची ये-जा बाबांना झेपणार नाही, राहायची सोय आधी पाहा. खर्चासाठी कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना, बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. बहुधा आधी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते, ते घेतल्याशिवाय खासगीत भरती होऊ नका. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर आपले गाव यादीत आहे का आणि आज तिथे ती चालते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला फोन करून आधी पक्के करा. दोन राज्यांच्या मध्ये कागद अडकले की आठवडे जातात. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर मराठीत वाचून समजावून मागा आणि मगच सही करा.

पाणी पिताना जोराचा ठसका, ताप आणि हिरवट कफ, आवाज अचानक बसणे, काळा संडास किंवा रक्ताची उलटी, यातले काही झाले तर तारखेची वाट पाहू नका. पाण्याचा ठसका म्हणजे गाठीने श्वासनलिकेत भोक पाडलेले असू शकते. मग तोंडाने काहीच द्यायचे नाही.

राहिला तुम्हा भावंडांचा प्रश्न. वर सांगितलेले बिघाड बाबांच्या अन्ननलिकेच्या पेशींत आयुष्यभरात साचलेले आहेत, ते त्यांनी तुम्हाला दिलेले नाहीत. अपवाद फार विरळा : तळहात-तळपाय जन्मतःच किंवा लहानपणापासून जाड, कातडी खरखरीत असणारा टायलोसिस नावाचा एक आनुवंशिक प्रकार आहे, त्यात या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. घरात कोणाचे तसे नसेल तर तो विचार सोडा. घराण्यातून येते ती सवय. भाऊ तंबाखू खात असेल तर पुडीवरच छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर बोलू द्या, आणि त्याने तोंड एकदा नीट तपासून घ्यावे. बाबांचेही तोंड-घसा डॉक्टरांना मुद्दाम पाहायला सांगा, कारण तंबाखूने भिजलेल्या सगळ्याच अस्तरात एकाच वेळी दुसरी गाठ असू शकते. दुर्बिणीत आयोडीन फवारले की निरोगी अस्तर तपकिरी होते आणि बिघडलेला डाग फिकट राहतो. ही तपासणी करणार का, एवढे विचारायला विसरू नका.